माइकच्या सेलसाठी घरी केलेला चार्जर

आमच्या भजनी मंडळाचे दोन कॉर्डलेस माइक माझ्याकडे असतात. एकेकात दोन पेन्सिल सेल. दर एकादशीला नवे सेल घेऊन मंडळाचा डबा रिकामा व्हायला लागला, म्हणून मी २००० एमएएच साठवणीचे चार रिचार्जेबल सेल (निकेल-मेटल हायड्राइड) आणि एक स्वस्तातला चार्जर आणला. त्याला आपोआप बंद व्हायची सोय नव्हती, आणि मी रात्री लावलेले सेल दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला काढायचो. वर्षभरात चारही सेल गेले. मग हा बनवला.

सेलवर जितके एमएएच लिहिलेत त्याच्या दहाव्या भागाइतका करंट १४ ते १६ तास द्यायचा. म्हणजे आपल्याला २०० मिलिअँपिअर. दहा तासांत भागत नाही, कारण आत गेलेल्यातलं थोडं उष्णतेत जातं. व्होल्टेज बघून सेल भरला का ते ठरवायला जाऊ नका. भरत आल्यावर ते वर चढतं आणि मग किंचित उतरतं, साध्या मीटरवर ते धड कळतही नाही. करंट ठरलेला आणि घड्याळ समोर, एवढ्यावर काम होतं.

करंट बांधून ठेवायला एलएम३१७, हा तीन पायांचा रेग्युलेटर. छापलेली बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून अ‍ॅडजस्ट, आउट, इन. आउट आणि अ‍ॅडजस्टमध्ये तो कायम १.२५ व्होल्ट राखतो. तिथे ६ ओहम लावले की १.२५ भागिले ६, म्हणजे सुमारे २०८ मिलिअँपिअर. मी १२ ओहमचे अर्ध्या वॅटचे दोन रेझिस्टर शेजारी शेजारी (पॅरलल, दोन्हीकडची टोकं एकत्र) जोडले. सेलकडे जाणारी वायर मात्र अ‍ॅडजस्टच्या पायावरून घ्यायची. मी पहिल्यांदा आउटवरून घेतली होती. मग रेझिस्टर नुसता शोभेला, करंटला लगामच नाही.

अ‍ॅडजस्टवरून १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देतो), पट्टी सेलकडे, मग चार सेलचा होल्डर. सेल एकामागे एक, म्हणजे चौघांतून सारखाच करंट जातो. होल्डरची मायनस अ‍ॅडॅप्टरच्या मायनसला. अ‍ॅडॅप्टरची प्लस एलएम३१७ च्या इनला. डायोड वाचवू नका, लाइट गेली की सेल उलटे सर्किटमध्ये रिकामे होतात. अ‍ॅडॅप्टर राउटरचा जुना १२ व्होल्टचा चालतो. भरताना चार सेल मिळून ६ व्होल्टच्या आसपास जातात, वर सर्किटला चारेक व्होल्ट लागतात. ९ व्होल्टचा पुरत नाही. एलएम३१७ मध्ये साधारण एक वॅट जळतो, तेव्हा छोटा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लावाच. एलएम३१७ चा पाठचा पत्रा आतून आउटला जोडलेला असतो, कशाला टेकू देऊ नका.

सेल घालण्याआधी होल्डरच्या दोन वायरींना मल्टीमीटर लावून करंट बघा. लाल पिन १० अँपिअरच्या भोकात. स्वस्त मीटरमध्ये मिलिअँपिअरच्या बाजूचा फ्यूज बऱ्याचदा २०० चाच असतो, तो इथे उडू शकतो. ०.२० किंवा ०.२१ दिसलं की झालं.

सेल माइकमध्ये पूर्ण उतरू द्या, अर्धे भरलेले लावले तर १४ तासांचा हिशेब चुकतो. शेवटच्या तासात बोट लावून बघा. कोमट चालतील, हात ठेववेना इतके तापले तर काढा. जुने-नवे मिसळू नका. मी बायकोच्या नेलपॉलिशने चारांवर एकाच रंगाचे ठिपके दिलेत. साधे अल्कलाइन सेल चुकूनही यात घालू नका, गळतात, फुटूही शकतात.

प्लगमध्ये बसणारा चाकाचा टायमर लावलाय. लाइट गेली की त्याचं चाकही थांबतं, त्यामुळे भारनियमनातही १४ तास बरोबर मोजले जातात. फक्त चाक २४ तासांचं आहे. बंद झाल्यावर दहा तासांनी ते पुन्हा चालू करतं, तेव्हा सकाळी चहाच्या आधी सेल काढायचे.