घरात कोरोनाचा धोका कोणाला जास्त? एक कागद घेऊन बसा

एप्रिल २०२१. काका बाजेवर बसून चहात साखर कमी आहे म्हणून काकूंशी वाद घालत होते. मधुमेह दहा वर्षांचा! बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा होता ८८, म्हणजे धोक्याचा. धाप नाही, खोकला बेताचा. आम्हाला वाटलं यंत्रच बिघडलंय, म्हणून सेल बदलण्यात अर्धा तास घालवला. काका वाचले, पण तो अर्धा तास मला अजून टोचतो. आधी एक कागद केलेला असता, तर गेला नसता.

तो कागद, म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या धोक्याची नोंद, घरात कोणीही आजारी नसताना करायचा.

१. वय लिहा. पहिला रकाना वयाचा, कारण याच्याइतकं वजन दुसऱ्या कशालाच नाही. इंग्लंडमधल्या सुमारे १ कोटी ७० लाख प्रौढांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये एक अभ्यास निघाला. पन्नाशीतल्या माणसापेक्षा ऐंशी ओलांडलेल्यांना मृत्यूचा धोका वीस पटींहून जास्त दिसला. हे लस येण्याआधीचं. लसीने सगळ्यांचाच धोका उतरला, पण वय वाढेल तसा धोका वाढतो, हे तसंच राहिलं. म्हणून शेवटचा डोस कधी घेतला, तेही वयाशेजारीच लिहा.

२. औषधांचा डबा ओता. "तुम्हाला काही आजार?" असं विचारलं की आपली माणसं "नाही बुवा, ठणठणीत" म्हणतात. रोज घेत असलेली बीपीची गोळी त्यांच्या हिशेबात आजार नसतेच. त्यामुळे विचारू नका, डबा ओता आणि गोळ्यांची नावं उतरवून घ्या. मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार (डायलिसिस असेल तर ठळक), दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, पूर्वीचा टीबी, यकृताचा आजार, पूर्वीचा पक्षाघात, कॅन्सरचे उपचार, अवयव प्रत्यारोपण, संधिवातासाठी चालू असलेलं स्टेरॉइड, गरोदरपण, सगळं लिहा.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा ताजा आकडा हवाच. इंग्लंडच्या त्याच अभ्यासात मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत साखर आटोक्यात असलेल्या मधुमेहींचा मृत्यूचा धोका साधारण १.३ पट निघाला, साखर आटोक्यात नसलेल्यांचा जवळजवळ दुप्पट. वय कमी करता येत नाही, साखर येते.

३. टेप लावा. पुरुषांचा कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर, बायकांचा ८० च्या वर असेल तर नोंद करा. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं अशी माणसं भरपूर, म्हणून नुसत्या वजनावर जाऊ नका.

४. नेहमीचे आकडे घ्या. ही पायरी बहुतेक घरांत राहूनच जाते. नेलपॉलिश पुसा, हात गार असेल तर चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसवा, बोटाला ऑक्सिमीटर लावा आणि आकडा स्थिरावल्यावर लिहा. सावळ्या कातडीवर ऑक्सिमीटर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. त्यामुळे एकट्या आकड्यापेक्षा तो नेहमीपेक्षा किती घसरला, हे जास्त उपयोगाचं.

मग श्वास मोजा. "श्वास मोजतोय" असं सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. नाडी बघतोय असं भासवत मनगट धरा, नजर छातीवर ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा.

५. आजार आलाच, तर दिवस मोजा. पहिलं लक्षण दिसलेली तारीख कागदावर टाका. बिघाड बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसांत होतो, ताप उतरून सगळे निर्धास्त झालेले असताना. जोखमीच्या माणसाने मात्र पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण काही विषाणूरोधक गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांतच सुरू कराव्या लागतात.

ऑक्सिजन आणि श्वास दिवसातून दोनतीनदा बघा. आकडा बरा असेल आणि धाप नसेल, तर सपाट फरशीवर सहा मिनिटं चालवा. साठीपुढच्यांना तीन पुरे. चालल्यावर आकडा ९३ च्या खाली गेला किंवा तीनहून जास्त अंकांनी घसरला, तर डॉक्टरांना फोन. बसल्याजागी ९३ किंवा कमी, मिनिटाला २४ किंवा जास्त श्वास, छातीत दुखणं, बरळणं, ओठ निळसर पडणं, यातलं काहीही दिसलं तर चालवून बघत बसू नका, थेट दवाखाना.

आणि शेजाऱ्याच्या उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. डेक्सामेथासोनने ऑक्सिजनवरच्या आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी झाले, पण ऑक्सिजनची गरजच नसलेल्यांना फायदा दिसला नाही. साखर वाढते ती वेगळीच. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, जे डोळे आणि जबडे गेले, त्यामागे मधुमेह आणि बेसुमार स्टेरॉइड ही जोडी बऱ्याचदा होती.

कागद फ्रिजवर चिकटवा, फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवा. १०८ ला फोन लावलात की आधी वय, आजार, आजाराचा दिवस आणि ऑक्सिजनचा आकडा सांगा, पत्ता त्याच दमात.