मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग करणारा थेरपिस्ट ऑनलाइन शोधताय? या चुका टाळा

कळतं पण वळत नाही, या जातीचा त्रास असेल तर मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग (थोडक्यात एमआय) ही संभाषणातून माणसाची स्वतःची बदलायची इच्छा जागी करणारी पद्धत कामाची आहे. दारू कमी करायची असते, पण शुक्रवार आला की हात ग्लासकडे जातोच. शुगरच्या गोळ्या घरात असतात, पोटात जात नाहीत. सिगारेट सोडायची तारीख दर महिन्याला पुढे ढकलली जाते. अशा माणसाला माहिती कमी पडत नसते. त्याच्या मनात दोन बाजू भांडत असतात आणि त्यातली दबलेली बाजू बोलती करणारं कुणीतरी हवं असतं. असा थेरपिस्ट ऑनलाइन मिळतो. मात्र शोधणारे प्रोफाइल, सर्टिफिकेट आणि रेटिंग बघत बसतात. ही पद्धत खरं तर कानाने ओळखायची आहे.

तिचा जन्मच तसा झालाय. 1982 मध्ये विल्यम मिलर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्वेतल्या बर्गनला तरुण मानसशास्त्रज्ञांना शिकवत होते. ते रुग्णाशी कसं बोलतात हे करून दाखवत असताना ही मंडळी त्यांना मध्येच थांबवायची: हाच प्रश्न का विचारलात? एवढं सगळं तो बोलला, त्यातलं हेच वाक्य का उचललंत? त्या उत्तरांतून जे हाती लागलं ते मिलर यांनी 1983 मध्ये दारूच्या समस्येवरच्या एका लेखात मांडलं. पुढे मानसशास्त्रज्ञ स्टीफन रॉलनिक त्यांना येऊन मिळाले आणि 1991 मध्ये दोघांचं पुस्तक आलं. त्या काळी व्यसनी माणसाला खडसावणं हेच बऱ्याच ठिकाणी उपचार समजलं जायचं. मिलर आणि सहकाऱ्यांच्या 1993 च्या एका अभ्यासात मात्र उलटंच दिसलं: थेरपिस्ट जितका अंगावर गेला, तितकं समोरच्याचं पिणं वर्षभरानंतर जास्त होतं.

फिल्टरवर टिक केलं आणि निवांत झालात

थेरपिस्ट शोधायच्या साइटवर उपचारपद्धतींची यादी असते. ती बहुतेक वेळा थेरपिस्टनेच भरलेली असते आणि हात सैल सोडून भरलेली असते. एकाच प्रोफाइलवर वीस पद्धती दिसल्या तर एवढंच समजा की फॉर्ममध्ये वीस चौकोन होते.

सर्टिफिकेटचंही तेच. या क्षेत्रात मिंट नावाचं आंतरराष्ट्रीय नेटवर्क 1997 पासून आहे, पण ते ही पद्धत शिकवणाऱ्या प्रशिक्षकांचं. थेरपी करणाऱ्यांना ते सर्टिफिकेट वाटत नाही. त्यामुळे कुणी ‘मिंट सर्टिफाइड थेरपिस्ट’ असं मिरवत असेल तर नेमकं काय केलंय ते विचारा. मिंटचा सदस्य असेल तर तो ही पद्धत इतरांना शिकवतो, म्हणजे जमेची बाजूच.

मग विचारायचं काय? माझ्या मते एकच प्रश्न पुरतो: ‘तुमच्या सेशनचं रेकॉर्डिंग ऐकून कुणी तुम्हाला कधी फीडबॅक दिला आहे का?’ प्रश्न आगाऊ वाटेल, तरी विचारा. मिलर यांच्याच चमूने 2004 मध्ये व्यसनमुक्तीत काम करणाऱ्यांवर तपासून पाहिलं होतं. नुसती कार्यशाळा केलेल्यांचं कसब काही महिन्यांत ओसरत गेलं. नंतर फीडबॅक किंवा कोचिंग मिळालेल्यांचं टिकलं. रेकॉर्डिंग तपासायची एक ठरलेली पद्धतही आहे. तिच्यात थेरपिस्टने प्रश्न किती विचारले आणि समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत किती वेळा परत मांडलं, हे मोजतात. एका प्रश्नामागे अशी दोन वाक्यं, हे चांगल्या कामाचं माप धरलं जातं. ज्याने हे सगळं केलंय तो तुमच्या प्रश्नावर खूश होतो. ‘मी दोन दिवसांचा कोर्स केलाय’ एवढ्यावर उत्तर संपलं, तर पुढच्या प्रोफाइलकडे वळायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग हा व्यवसाय नाही, बोलण्याची रीत आहे. ती नर्स वापरते, आहारतज्ज्ञ वापरतो, कोचही वापरतो. म्हणून समोरची व्यक्ती मुळात कोण आहे, तिच्याकडे परवाना आहे का आणि तुम्ही राहता तिथे तो चालतो का, हे वेगळं तपासा. थेरपिस्ट एका देशात आणि तुम्ही दुसऱ्या, असं ऑनलाइनमध्ये सहज होतं.

ओळखीच्या कॉलवर ‘एमआय वापरता का?’ विचारणं

याचं उत्तर सगळीकडे ‘हो’ येतं. पंधरा मिनिटांचा तो कॉल त्यात घालवू नका. त्याऐवजी विचारा: ‘तिसऱ्या सेशनला मी म्हटलं की मला काही बदलायचंच नाहीये, तर तुम्ही काय कराल?’

‘परिणाम समजावून सांगेन’, ‘तुम्हाला आरसा दाखवेन’, ‘कमिटमेंट नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही’ ही उत्तरं इतर कुठल्या उपचारात बसत असतील, इथे बसत नाहीत. ‘असं का वाटायला लागलं ते आधी ऐकून घेईन, निर्णय शेवटी तुमचाच’ या वळणाचं काही ऐकू आलं तर त्याच थेरपिस्टकडे थांबा. कुणी बदलाच्या पायऱ्यांचा तक्ता काढून तुम्ही कितव्या पायरीवर आहात ते सांगू लागला, तर तेही लक्षात ठेवा. तो तक्ता प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांचा, वेगळ्या सिद्धांताचा. दोन्हींची गल्लत इतकी होते की मिलर आणि रॉलनिक यांनी 2009 मध्ये ‘ही पद्धत काय नाही’ याचीच दहा कलमांची यादी छापली. कागदावर दोन रकाने आखून फायदे-तोटे लिहायला लावणं हेही त्या यादीत आहे.

‘त्यांनी काही सांगितलंच नाही’ म्हणून सोडून देणं

सर्वांत जास्त चांगले थेरपिस्ट यामुळे सुटतात. लोकांना पोटतिडकीने समजावणारा, हलवून जागं करणारा माणूस हवा असतो. भेटतो तो शांत, ऐकणारा. पहिलं सेशन संपल्यावर वाटतं, पैसे देऊन मीच बोललो की! पण त्या वेळात तुम्ही काय बोललात, हे बघायला हवं.

समजा एक गृहस्थ म्हणतात, “बायकोला वाटतं मी जास्त पितो. मला नाही तसं वाटत. हल्ली सकाळी डोकं जड असतं, तेवढं खरं.”

एक थेरपिस्ट म्हणतो, “मग बंद का करत नाही? लिव्हरचं काय होतं ते माहीत आहे ना?”

गृहस्थ लगेच, “अहो, पण मी काय रोज पितो का? ऑफिसातले बाकीचे बघा एकदा.”

आता दुसरा थेरपिस्ट. “घरच्यांची काळजी तुम्हाला जरा अति वाटते. आणि सकाळचा तो जडपणा तुमचा तुम्हालाच खटकायला लागलाय.” एवढं बोलून तो थांबतो. गृहस्थही थोडा वेळ गप्प. मग म्हणतात, “मुलीला शाळेत सोडायला मीच जातो. परवा सिग्नलला ब्रेक उशिरा लागला. तिच्या लक्षात नाही आलं, माझ्या आलं.”

सगळा खटाटोप या शेवटच्या वाक्यासाठी असतो. पिणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने बदलाच्या बाजूने बोलणं. पहिल्या थेरपिस्टने बदलाची बाजू स्वतः घेतली, म्हणून गृहस्थांच्या वाट्याला दारूची वकिली आली. दुसऱ्याने ती जागा रिकामी ठेवली.

आणखी एक खूण सांगतो. ‘बदल तुमच्यासाठी किती महत्त्वाचा, 0 ते 10 मध्ये सांगा’ हा प्रश्न बहुतेक सगळे विचारतात. तुम्ही 4 म्हणालात, तर पुढे काय येतं ते ऐका. जाणकार विचारतो, “4 का? 1 का नाही?” मग तुम्हाला बदलायची कारणं शोधून द्यावी लागतात. कच्चा माणूस विचारतो, “8 का नाही?” आणि तुम्ही आपल्या अडचणींचा पाढा वाचायला लागता.

घरच्या दुसऱ्या माणसासाठी बुकिंग

आई मुलासाठी, बायको नवऱ्यासाठी सेशन बुक करते, लिंक पाठवते आणि नंतर थेरपिस्टला मेसेज करून विचारते, ‘काय म्हणाला?’ ते सांगणं गोपनीयतेत बसत नाही आणि बसू नये. शिवाय ज्याने स्वतः होकार दिलेला नाही त्याला स्क्रीनसमोर बसवलं की पहिली दोन-तीन सेशन त्याचा बळजबरीचा राग विरघळवण्यात जातात. तो माणूस तयारच नसेल तर मदत स्वतःसाठी घ्या. व्यसनी व्यक्तीच्या नातलगांसाठी क्राफ्ट नावाची वेगळी पद्धत आहे, रॉबर्ट मायर्स यांनी उभी केलेली. घरच्यांनी केव्हा कसं बोलावं, कुठे आवरतं घ्यावं आणि त्या माणसाला उपचाराकडे कसं आणावं, हे ती शिकवते. शोधताना हे नाव टाका.

चॅट स्वस्त म्हणून चॅटवरच सगळं

या पद्धतीत आवाजाच्या चढउताराला फार किंमत आहे. ‘तुम्हाला त्यात काही गैर वाटत नाही.’ हे वाक्य आवाज खाली आणत संपवलं तर ऐकून घेतल्यासारखं वाटतं. शेवटी आवाज वर गेला की तेच उलटतपासणीसारखं लागतं. चॅटवर ते वाचणारा आपल्या मनातल्या आवाजात वाचतो, आणि लाज वाटत असताना मनातला आवाज कधी प्रेमळ नसतो. मधल्या काळात खुशाली कळवायला चॅट ठीक, पहिली काही सेशन व्हिडिओवर किंवा निदान फोनवर घ्या.

व्हिडिओ अडखळत असेल तर कॅमेरे बंद करा आणि आवाज वाचवा. थेरपिस्ट बोलून थांबतो, ते तुम्ही विचार करावा म्हणून; नेट मागे पडलं की दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात आणि ती शांतता मोडते. सुरुवातीलाच ‘माझ्याकडे आवाज उशिरा येतोय’ असं सांगून टाका. स्क्रीनवरचा स्वतःचा चेहराही झाकून ठेवा.

खोलीचा प्रश्न मात्र नेटपेक्षा मोठा. शेजारच्या खोलीत घरचे असतील तर तुम्ही त्यांच्या कानांना चालेल असंच बोलाल आणि थेरपिस्टला खोट्या माणसाशी बोलावं लागेल. उभ्या गाडीत बसा, गच्चीवर जा, इअरफोन लावा.

चुकीच्या दुखण्याला हे औषध

पॅनिक अटॅक, ओसीडी (नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा होणं), जुन्या आघाताच्या आठवणी यांवर मुख्य उपचार वेगळे आहेत. तिथे मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग फार तर उपचाराला तयार होण्यापुरतं मदतीला येतं. निर्णय आधीच पक्का झाला असेल तरी त्याच त्या कारणांवर बोलत राहण्यात वेळ जातो. तेव्हा योजना हवी, मोहाची वेळ कशी निभवायची ते शिकवणारं कुणीतरी हवं.

आणि हे वाचून सोडून देऊ नका: रोज भरपूर पिणाऱ्याने सेशनच्या उत्साहात दारू एकदम बंद करायची नाही. हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं, इथपर्यंत गोष्टी जातात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. स्वतःला संपवायचे विचार येत असतील तर थेरपिस्टचा शोध बाजूला ठेवून तातडीच्या मदतीला फोन करा.

मोठं पॅकेज आधीच घेणं

अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅच या दारूवरच्या मोठ्या चाचणीत 1,726 जण होते, निकाल 1997 मध्ये आले. या पद्धतीवर बेतलेल्या उपचाराची फक्त 4 सेशन होती, दुसऱ्या दोन उपचारांची 12. निकालांत फारसा फरक निघाला नाही. तिथले थेरपिस्ट नीट तयार केलेले होते, त्यांच्या कामावर देखरेख होती, हे खरं. तरीही सुरुवातीलाच मोठ्या पॅकेजचे पैसे भरायला कुणी सांगितलं तर हा आकडा आठवा आणि तीन-चार सेशनपुरतं बोला.

सुरू केलंय, पण अडतंय

गप्पा छान होतात, पुढे काही सरकत नाही? सरळ विचारा, ‘आपण नेमकं कशावर काम करतोय?’ एक विषय ठरवणं हा या पद्धतीचाच भाग आहे.

थेरपिस्ट पोपटासारखं तुमचंच शेवटचं वाक्य परत म्हणतो? तोंडावर सांगा. कसलेला असेल तर तो तुमच्या बोलण्यामागचं, तुम्ही न बोललेलं पकडायला लागेल.

सल्ले फार होतात? सल्ला इथे वर्ज्य नाही, पण आधी ‘चालणार असेल तर सांगू का?’ असं विचारून आणि नंतर ‘तुम्हाला यात काय पटतंय?’ असं विचारून तो दिला जातो. न विचारता मधला सल्लाच तेवढा होत असेल तर बोलून दाखवा.

दर वेळी तुम्ही स्वतःच्या सवयीची बाजू लढवत बसता? त्यात तुमच्या हट्टाइतकाच संभाषणाचा दोष असतो. ‘इथे आलो की मी सिगारेटचा वकील होतो’ असं म्हणा. त्यावर थेरपिस्ट रोख बदलतो की आणखी पुरावे काढतो, यावरून राहायचं की बदलायचं ते ठरवा. बदलायचं असेल तर दोन ओळींचा मेसेज पुरे, खुलासा द्यायची गरज नाही.

या नावाने कुणीच सापडत नसेल तर याच पद्धतीवर बेतलेल्या ‘मोटिव्हेशनल एनहान्समेंट थेरपी’चं नाव टाकून बघा, व्यसनमुक्तीत काम करणारे आधी तपासा, आणि बुकिंगच्या आधी असा मेसेज पाठवा: ‘मला दारू कमी करायची आहे असं अर्धं मन म्हणतं, अर्धं नाही. मला समजावणारं कुणी नको, विचार करायला मदत करणारं हवं. तुम्ही असं काम करता का, आणि ते कसं शिकलात?’