कंपनीबाहेर राहून गाणे करताना: हक्क, कागद आणि हिशेब

पुण्यात गाणे शिकण्याची सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे, परंतु गाण्याच्या करारावर सही कशी करावी हे शिकवणारी जागा मला तरी सापडली नाही. माझ्या पहिल्या अल्बमच्या वेळी एका संगीत कंपनीने पुढे केलेल्या दोन पानांवर मी भारावून सही केली. त्यातील एका गाण्याची चित्रफीत आज मी स्वतः यूट्यूबवर टाकली, तर काही मिनिटांत तिच्यावर त्या कंपनीचा दावा लागतो आणि जाहिरातींचे पैसे तिकडे जातात. कोणत्याही मोठ्या कंपनीशी बांधलेले नसलेल्या, स्वतःच्या खर्चाने गाणे करणाऱ्या गीतकार, संगीतकार आणि गायकांसाठी पुढील मजकूर लिहिला आहे.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की एका गाण्यात किमान दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, म्हणजेच शब्द आणि चाल, ज्यांचे मूळ हक्क अनुक्रमे गीतकाराचे आणि संगीतकाराचे असतात. दुसरी म्हणजे त्या रचनेचे ध्वनिमुद्रण, ज्याला व्यवहारात ‘मास्टर’ म्हणतात आणि ज्याचा हक्क ते मुद्रण पुढाकार घेऊन, जबाबदारी उचलून करवून घेणाऱ्या निर्मात्याचा असतो. गायकाचा हक्क या दोहोंपेक्षा निराळा आहे. कायदा त्याला सादरकर्त्याचा हक्क म्हणून मान्यता देतो. कंपन्यांना मुख्यतः मास्टर हवा असतो, आणि स्वतंत्र कलावंताजवळ मोलाचे असे जे असते तेही मास्टरच असते. म्हणून स्टुडिओचे पैसे आपण भरले असतील, तर पावती आपल्या नावाने घ्यावी आणि मास्टरवर आपलाच हक्क आहे असे स्टुडिओकडून व संगीत संयोजकाकडून लिहून घ्यावे. मित्राने प्रेमापोटी फुकट संयोजन करून दिले असेल, तर हा कागद अधिकच आवश्यक ठरतो, कारण त्या व्यवहाराला दुसरा कोणताही पुरावा नसतो.

हे लेखन मुद्रणापूर्वी व्हावे. गीतकार कोण, संगीतकार कोण, संयोजन कोणाचे, वादकांना एकरकमी मानधन द्यायचे की उत्पन्नात वाटा, आणि वाटा असल्यास किती टक्के, एवढे एका पानावर मावते. सर्वांच्या सह्या आणि तारीख घ्यावी. गाणे गाजण्याआधी या विषयावर बोलणे अवघडल्यासारखे वाटते; गाजल्यानंतर ते बोलणे जवळजवळ अशक्य होते, हे मी जवळच्या दोन मैत्रींच्या बाबतीत पाहिले आहे.

शब्द दुसऱ्याचे असतील तर अधिक काळजी घ्यावी. आपल्याकडे कवितासंग्रहातील कविता आवडली की तिला चाल लावण्याची सुंदर परंपरा आहे. पण त्या कवितेवरील हक्क कवीच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे टिकतो, आणि काही वेळा तो प्रकाशकाकडे दिलेला असतो. कवीची किंवा वारसांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय मुद्रणाचा खर्च करू नये. संतांच्या अभंगांचे शब्द सर्वांचे आहेत, त्यावर कोणाचाही दावा चालत नाही. मात्र ज्या चालीत आपण तो अभंग लहानपणापासून ऐकला, ती बहुधा विसाव्या शतकातील एखाद्या संगीतकाराने बांधलेली असते आणि तिच्यावर हक्क असू शकतो. तुकोबांचा अभंग घेऊन स्वतःची चाल बांधावी. ते कायद्याच्या दृष्टीने निर्धोक आहे आणि मला तर ते अधिक आनंदाचेही वाटते.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. हक्क निर्मितीबरोबरच उत्पन्न होतो. तरीही वादाच्या वेळी नोंदणी उपयोगी पडते, आणि शब्द किंवा चाल यांच्या प्रत्येक कृतीमागे 500 रुपये व ध्वनिमुद्रणामागे 2,000 रुपये हे सरकारी शुल्क फार नाही.

गाणे स्पॉटिफाय, अॅपल म्युझिक यांसारख्या ठिकाणी थेट देता येत नाही, ते वितरकामार्फत द्यावे लागते. काही वितरक वार्षिक शुल्क घेतात, काही उत्पन्नातील टक्के कापतात. शुल्क भरणे थांबल्यावर गाणी काढली जातात का, आणि वितरक सोडताना आपला आयएसआरसी क्रमांक कायम राहतो का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. हा बारा अक्षरांचा क्रमांक म्हणजे त्या विशिष्ट मुद्रणाची ओळख असते. वितरक बदलताना तोच क्रमांक पुन्हा दिला, तर सामान्यतः जुनी ऐकण्याची संख्या गाण्याबरोबर राहते. नावाचे स्पेलिंग हा मराठी कलावंतांचा खास घोळ आहे. एका गाण्यावर आडनाव एका रोमन स्पेलिंगने, दुसऱ्यावर दुसऱ्याने आणि तिसऱ्यावर देवनागरीत दिले, की एकाच माणसाची तीन पाने तयार होतात. एक रूप ठरवावे आणि ते आयुष्यभर पाळावे.

प्रकाशनाची तारीख किमान चार आठवडे पुढची ठेवावी. गाण्यांच्या निवडक याद्या बनवणाऱ्या स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे प्रकाशनाच्या किमान 7 दिवस आधी सुचवावे लागते. त्यानंतर ती संधी जाते. 2024 पासून तेथे मागील 12 महिन्यांत 1,000 पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला मुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही, त्यामुळे एकाच महिन्यात दहा गाणी टाकण्यापेक्षा एकेक गाणे श्रोत्यांपर्यंत नीट पोहोचवणे हिताचे ठरते. यूट्यूबवरील कंटेंट आयडीची, म्हणजे आपले मुद्रण इतरांच्या चित्रफितींत ओळखून आपोआप दावा लावणारी सेवा घेताना, आपण तबल्याचे किंवा तानपुऱ्याचे तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवता येणारे मुद्रित तुकडे, वापरले आहेत का ते तपासावे. असल्यास ती सेवा घेऊ नये, कारण तोच लूप वापरणाऱ्या निरपराध माणसांवर आपल्या नावाने दावे लागतात.

वितरकाकडून येणारे पैसे केवळ मुद्रणाचे असतात, हे फार जणांना ठाऊक नसते. शब्द आणि चाल यांची सादरीकरणाची रॉयल्टी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, गोळा करते. गीतकाराने व संगीतकाराने तिचे सदस्य व्हावे आणि प्रत्येक गाणे वाट्यांसह नोंदवावे. नोंद नसलेल्या गाण्याचे पैसे आपल्यापर्यंत येणार नाहीत.

कंपनीकडून विचारणा आली, तर ती नाकारलीच पाहिजे असे माझे म्हणणे नाही. कंपनीकडे पैसा आणि पोहोच असते. परंतु शक्यतो हक्क विकण्याऐवजी ठरावीक मुदतीचा परवाना द्यावा. हक्क देणार असल्यास करारात कोणती कृती, कोणते हक्क, किती वर्षे, कोणता प्रदेश आणि किती मोबदला हे स्पष्ट असावे. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे मानतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर केवळ भारत. म्हणूनच कंपन्यांच्या मसुद्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ हे शब्द आवर्जून असतात. तेच शब्द खोडून मागावेत. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला आणि संगीतकाराला आपला रॉयल्टीचा समान वाटा करारानेही सोडून देता येत नाही. ‘पुढे कोणतीही रॉयल्टी मागणार नाही’ असे कलम समोर आले, तर ते कायद्याला धरून नाही हे शांतपणे सांगावे. कागद घरी आणून वकिलाला दाखवण्यास जो वेळ देत नाही, त्याच्याशी व्यवहार करू नये.

पुण्यात राहण्याचा मोठा लाभ म्हणजे तिकीट काढून गाणे ऐकणारा श्रोता. 1953 पासूनचा सवाई गंधर्व महोत्सव त्याची साक्ष आहे, आणि 2010 मध्ये एनएच7 वीकेंडर हा नव्या संगीताचा महोत्सव याच शहरात सुरू झाला. नवोदिताने बालगंधर्व रंगमंदिराच्या तारखेमागे धावण्याऐवजी शनिवार पेठेतील सुदर्शन रंगमंचासारखी छोटी जागा घ्यावी, तिकीट ठेवावे आणि आलेल्या प्रत्येकाचा संपर्क त्याच्या संमतीने नोंदवून ठेवावा. भरलेल्या छोट्या सभागृहातील शंभर माणसे पुढच्या कार्यक्रमाला येतात. मोफत कार्यक्रमाची गर्दी सहसा येत नाही. आयोजक मानधनातून टीडीएस कापत असेल, तर तो आयकर खात्याकडील आपल्या वार्षिक करविवरणात दिसतो की नाही ते पाहावे.

शेवटी, प्रत्येक गाण्याचे अंतिम मुद्रण, वाद्यांचे सुटे ट्रॅक, सह्यांचा कागद आणि पावत्या दोन हार्ड डिस्कवर ठेवाव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या घरी. आपल्या शब्दांवरचा आणि चालींवरचा हक्क आपल्यानंतर साठ वर्षे कुटुंबाकडे राहणार आहे. त्यामुळे त्या डिस्क कोठे आहेत, आणि आयपीआरएसमध्ये वारस म्हणून कोणाचे नाव दिले आहे, हे घरातील एका तरी माणसाला आजच लिहून द्यावे.