या चुका टाळा: इंग्लंडच्या खेड्यातल्या चर्चच्या दप्तरात पूर्वज शोधताना

माझ्या सासरची वंशावळ सहा महिने चुकीच्या विल्यमवर उभी होती. सफोकमधल्या त्यांच्या गावात १७७१ साली विल्यमचा बाप्तिस्मा, १७९४ साली विल्यमचं लग्न. वय जुळलं, आडनाव जुळलं, मी खूश. मग एका कंटाळवाण्या दुपारी दफनांची पानं चाळली, तर हा विल्यम वर्षाचा व्हायच्या आत पुरलेला! लग्न केलं ते त्याच्या चुलतभावाने. म्हणजे मी हौसेने शोधलेली आई, तिचं माहेर, तिचे आईबाप, सगळे परके निघाले.

तेव्हा पहिली गोष्ट, बाप्तिस्मा सापडला की लग्नाकडे धावू नका, आधी दफनांची वही बघा. जॉन, विल्यम, थॉमस, मेरी, एलिझाबेथ एवढ्यावर अख्खं गाव भागवायचं. शिवाय मूल गेलं की तेच नाव पुढच्या मुलाला देत. १८१३ पासून छापील नमुने आले आणि दफनाच्या नोंदीत वय आणि राहण्याचं ठिकाण लिहू लागले, बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदाही. त्याआधी नुसतं ‘जॉनचा मुलगा’ एवढ्यावर भागवावं लागतं. नावापुढे ‘सीनियर’, ‘ज्युनियर’ दिसलं तरी बापलेक समजू नका. गावातल्या एका नावाच्या दोघांना वेगळं ओळखण्यासाठीही ते लिहीत.

दुसरी चूक सगळ्यात गोड, कारण ती करताना आपल्याला घराण्यातलं प्रकरण सापडल्यासारखं वाटतं. लग्न १० मे १७२० ला आणि पहिल्या मुलीचा बाप्तिस्मा १२ फेब्रुवारी १७२० ला! थांबा. १७५२ पूर्वी इंग्लंडात सरकारदरबारी आणि चर्चमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे वहीतला फेब्रुवारी १७२० हा आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७२१. मुलगी लग्नानंतर नऊ महिन्यांनीच झालेली आहे, कुजबुजण्यासारखं काही नाही. मूळ पानावर मे वर आणि फेब्रुवारी खाली दिसला की शंका फिटते. ऑनलाइन सूचीत मात्र काहींनी वर्ष सुधारलेलं असतं, काहींनी नसतं. म्हणून १ जानेवारी ते २४ मार्चच्या तारखा १७२०/२१ अशा लिहून ठेवा. आणि ३ ते १३ सप्टेंबर १७५२ मधलं काही शोधत बसू नका. ते दिवस कॅलेंडरातून काढूनच टाकले होते.

सूचीत नाव नाही म्हणजे वहीत नाही, असंही नसतं. लिहिता न येणारं जोडपं फुलीची सही करी आणि आडनाव कारकून कानाला ऐकू येईल तसं लिही. सुरुवातीचा ‘ह’ गळला की हॅलन ॲलनच्या रांगेत जाऊन बसतो. जुना लांब ‘एस’ तर ‘एफ’सारखा दिसतो, म्हणून जेसीचा जेफ्सी होतो. लॅटिनमध्ये लिहिणारा पाद्री भेटला तर जेम्सचा याकोबुस आणि विल्यमचा गुलिएल्मुस. म्हणून सूचीवर समाधान न मानता मूळ पानाचं चित्र उघडाच.

पानंच नसतील तर? वह्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा, पण १५९८ मध्ये चर्मपत्रावर नकला करायला सांगताना निदान एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या तरी करा अशी सवलत होती, म्हणून पुष्कळ गावांच्या वह्या १५५८ पासूनच आहेत. १६४२ ते १६६० हा यादवीचा आणि तिच्यानंतरचा काळ फाटका. अशा वेळी बिशपकडे दरवर्षी जाणाऱ्या प्रती पाहा, त्या कौंटी (म्हणजे जिल्ह्याच्या) रेकॉर्ड ऑफिसात मिळू शकतात. आणि बाप्तिस्मे एकही नाहीत पण लग्नं आहेत, असं दिसलं तर कुटुंब बॅप्टिस्टांसारख्या वेगळ्या पंथाचं असू शकतं. १७५४ ते १८३७ क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडून सगळ्यांना लग्न पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतला गावभाग म्हणजे पॅरिश) चर्चमध्येच लावावं लागे.

लग्नाच्या नोंदीतलं ‘या पॅरिशचा’ हे जन्मगाव नव्हे, तेव्हा तिथे राहत होता इतकंच. जन्मगावासाठी गरिबांची कागदपत्रं बघा. १६६२ च्या कायद्यामुळे, मदत मागणाऱ्याची जबाबदारी कुठल्या गावाची हे ठरवायला त्याची जबानी घेत. जन्म कुठे, बाप कुठला, वर्षभर चाकरी कुठे केली, सगळं त्यात येई. आमच्या खऱ्या विल्यमचा बाप मला अशाच जबानीत सापडला. श्रीमंत पूर्वज शोधणाऱ्यांना हे कागद आवडत नाहीत, पण गरीब पूर्वजाची माहिती जास्त मिळते!

एखादा तरुण गावातून साफ नाहीसा झाला, लग्न नाही, दफन नाही, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत गेला का ते बघा. मुंबई इलाख्यातल्या चर्चांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मालिकेत आहेत. इथे आपल्या लोकांचं जरा बरं असतं: टन्ना म्हणजे ठाणे आणि किरकी म्हणजे खडकी, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही.