गाण्याच्या शूटसाठी देखणी गल्ली शोधताना

मुंबईत म्युझिक व्हिडिओसाठी रस्ता शोधायला बाइकवर दिवसभर भटकण्याआधी गूगल मॅप्सचं स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे रस्त्यावर उभं राहून दिसावं तसे फोटो, उघडा.

१. बॅलार्ड इस्टेट, काळा घोडा, गिरगावातली खोताची वाडी, वांद्र्याचं रणवार इथून सुरुवात करा. स्ट्रीट व्ह्यूचं चिन्ह असलेला तो छोटा पिवळा माणूस नकाशातल्या रस्त्यावर सोडायचा आणि स्क्रीनवरच चालत सुटायचं. आवडलेल्या फ्रेमचा तिथेच स्क्रीनशॉट घ्या.

२. गल्लीची दिशा बघा. पूर्व-पश्चिम असेल तर सकाळी ऊन सरळ गल्लीतून आत येतं. दक्षिण-उत्तर असेल तर एक बाजू उन्हात, दुसरी सावलीत.

३. निवडलेल्या दोन-तीन जागी शूटच्याच वाराला, त्याच वेळेला जा. स्ट्रीट व्ह्यूतले फोटो जुने असतात. मधल्या काळात मेट्रोचे पत्रे, निळी ताडपत्री, परांची, काहीही उगवलेलं असतं. बॅलार्ड इस्टेट रविवारी सकाळी बघा. ऑफिसं बंद, त्यामुळे दगडी इमारतींसमोर गाड्यांची रांग फारशी नसते. सोमवारी तीच जागा ओळखू येणार नाही!

परवानगी मात्र आधी काढा. आणि खोताच्या वाडीत लोक राहतात, तो सेट नाही. कुणाच्या ओट्यावर चढण्याआधी विचारा.