मोठा टीव्ही घेताना आणि घरी आणल्यावर या चुका टाळा

दिवाळीत माझ्या मावसभावाने डोंबिवलीच्या घरी ६५ इंची ओएलईडी टीव्ही घेतला, आणि मुलाने वर्षभर धरलेल्या हट्टापायी सोबत प्लेस्टेशन ५. चार महिन्यांनी मी गेलो तर भाऊ म्हणाला, "दादा, छान दिसतोय रे, पण जुन्या टीव्हीच्या चौपट पैसे घातले त्यात नेमकं वेगळं काय, ते काही कळत नाही." मी रिमोट घेऊन सिग्नलची माहिती उघडली. गेम चालू होता ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवर; उजेड-अंधाराचा मोठा फरक दाखवणारं एचडीआर बंद. टीव्हीच्या मागे हात घातला, तर कन्सोलची केबल पहिल्या एचडीएमआय पोर्टात. त्या टीव्हीवर १२० हर्ट्झ फक्त तिसऱ्या आणि चौथ्या पोर्टावर मिळतं. केबल हलवली, एक सेटिंग बदललं, कन्सोल पुन्हा सुरू केला. दहा मिनिटांचं काम. पुतण्याने गेम सुरू करून गाडी पहिल्या वळणावर घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, चार महिने आम्ही हे असं का नाही खेळलो?"

ओळखीपाळखीच्या बऱ्याच घरांत मी टीव्ही निवडायला आणि लावायला जातो. ओएलईडी घ्यावा की मिनी एलईडी (पडद्यामागच्या बारीक दिव्यांवर चालणारा), यावर महिनाभर चर्चा चालते. पण पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा हॉलच्या मापात, मागच्या पोर्टांत आणि पहिल्या दिवशी कोणी न उघडलेल्या सेटिंगमध्ये.

हॉल न मोजता इंच ठरवणं

हिशोब सोपा आहे. पडद्याच्या इंचांना १.२ ने गुणा, मग १.६ ने गुणा. या दोन आकड्यांच्या मध्ये तुमची बसायची जागा यायला हवी. ६५ इंचाला हे अंतर साधारण साडेसहा ते साडेआठ फूट येतं, ७५ इंचाला साडेसात ते दहा फूट. दहा फुटी हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेला असेल तर डोळे पडद्यापासून आठेक फुटांवर असतात. म्हणजे ६५ तिथे आरामात बसतो, आणि घरात सिनेमे नि गेमच जास्त असतील तर ७५ सुद्धा.

पण त्याच पडद्यावर दिवसभर साध्या सेट-टॉप बॉक्सवरच्या मालिका चालणार असतील तर थांबा. एसडी, म्हणजे साध्या दर्जाच्या, चॅनेलमध्ये ५७६ आडव्या रेषांचंच चित्र येतं आणि ४के पडद्यावर त्या जागी २१६० रेषा भरायच्या असतात. टीव्ही ते ताणून दाखवतो, पण जवळून चेहरे मेणासारखे दिसतात. "नवीन टीव्हीपेक्षा जुनाच बरा होता" ही आजीची तक्रार खोटी नसते. बॉक्स एचडी करून घ्या, चॅनेलचं पॅकेज एचडीचं घ्या. महिन्याला थोडे पैसे वाढतील, पण फरक लगेच दिसेल.

दुकानात जाण्याआधी वर्तमानपत्रं जोडून भिंतीवर चिकटवा: ६५ इंचासाठी १४४ सेंटिमीटर रुंद, ८१ उंच. दोन दिवस तसंच राहू द्या. या दोन दिवसांत हटकून कळतं की आपण टीव्ही फार वर लावणार होतो. बसल्यावर डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास येतात, पडद्याचा मध्य तिथेच हवा. शोकेसच्या वर, देवघराच्या ओळीत टांगलेला टीव्ही अडीच तासांच्या सिनेमात मान धरतो. भिंत जिप्समची किंवा हलक्या ब्लॉकची असेल तर नेहमीचे स्क्रू चालत नाहीत, त्या भिंतीचे वेगळे अँकर लागतात. इन्स्टॉलेशनला येणाऱ्याला हे फोनवर आधीच सांगा.

आणि लिफ्ट मोजा. ८५ इंची टीव्हीचं खोकं दोन मीटरहून लांब असतं आणि ते आडवं झोपवून नेता येत नाही, कारण पॅनल सपाट ठेवलं तर स्वतःच्याच वजनाने वाकून तडकू शकतं. लिफ्टमध्ये मावलं नाही तर सातव्या मजल्यावर ते जिन्याने, उभंच न्यावं लागतं. जिन्याच्या वळणावर खोकं फिरेल का, हे खोकं आल्यावर बघू नये.

शोरूमच्या उजेडात पॅनल निवडणं

शोरूममधले टीव्ही सगळ्यात भडक मोडवर असतात आणि त्यावर फुलं, पोपट नि रात्रीची शहरं फिरत असतात. तिथे सगळेच सुंदर दिसतात. पेन ड्राइव्हवर एखादा अंधारा प्रसंग घेऊन जा, ज्यात काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी सबटायटल्स येतात. त्या अक्षरांभोवती धुकं पसरलं, तर मागच्या दिव्यांचे झोन, म्हणजे वेगवेगळे मंद होणारे गट, कमी आहेत असं समजा. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो, त्यामुळे तिथे धुकं येतच नाही. एलईडी घेणार असाल तर लोकल डिमिंग (अंधाऱ्या भागामागचे दिवेच मंद करण्याची सोय) आहे का आणि किती झोनचं, हे विचारा. "एचडीआर सपोर्ट" या शब्दांवर जाऊ नका. बरेच सिनेमे १००० निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) हिशोबाने तयार केलेले असतात. ३०० निट्सचा पडदा तो सिग्नल घेईल, पण त्यातला सूर्य पांढऱ्या ठिपक्याइतकाच राहील.

आपल्या घरात निवड कशी करायची? दुपारी पश्चिमेचं ऊन थेट पडद्यावर येत असेल आणि टीव्ही दिवसा जास्त चालत असेल, तर मिनी एलईडी. रात्री दिवे मालवून सिनेमा बघायचा असेल, कोणी सोफ्यावर नि कोणी कडेच्या दिवाणावर बसत असेल, तर ओएलईडी, कारण तो बाजूनेही फिका पडत नाही. मात्र घरात सकाळपासून रात्रीपर्यंत बातम्यांचं चॅनेल लागलेलं असेल तर मी ओएलईडी घेऊ देत नाही. खालची लाल पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो रोज आठ-दहा तास एकाच जागी राहिला, तर काही वर्षांत त्याची सावली पडद्यावर उमटू शकते, आणि ही गोष्ट वॉरंटीत सहसा बसत नाही. वडिलांना बातम्या हव्याच असतील तर त्यांच्या खोलीत साधा ४३ इंची एलईडी लावा. दोघंही खूश राहतात.

१२० हा आकडा बघून भुलणं

खोक्यावर "मोशन रेट २४०" लिहिलेलं असतं. तो जाहिरातीचा आकडा आहे. पॅनल मुळात ६० हर्ट्झचं असू शकतं. काही स्वस्त मॉडेलांत ६० हर्ट्झच्याच पॅनलवर आडव्या रेषा निम्म्या करून १२० दाखवतात, तेव्हा वेग मिळतो पण चित्राची धार जाते. म्हणून विचारायचा प्रश्न असा: पॅनल मुळात किती हर्ट्झचं आहे, आणि ४के रेझोल्यूशनवर १२० हर्ट्झ किती पोर्टांवर मिळतं?

"एचडीएमआय २.१" एवढंच उत्तर पुरेसं नाही. या प्रकारातल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत, त्यामुळे नाव लिहिलेलं असूनही १२० हर्ट्झ नसेल असं होऊ शकतं. ४के १२०, व्हीआरआर आणि एएलएलएम ही तीन नावं वेगवेगळी विचारा. व्हीआरआरमुळे गेमच्या बदलत्या वेगाबरोबर पडदाही वेग बदलतो आणि चित्र मधेच फाटत नाही. एएलएलएममुळे कन्सोल चालू होताच टीव्ही आपोआप गेम मोडवर जातो.

आता खरी मेख. अनेक चांगल्या टीव्हींनाही पूर्ण वेगाचे दोनच पोर्ट असतात, आणि त्यातलाच एक ईआर्कचा, म्हणजे साउंडबारचा. साउंडबार लावला की उरतो एक. घरात प्लेस्टेशन आणि गेमिंगचा पीसी दोन्ही असतील तर रोज केबल उपसत बसावं लागतं. दोन गेमिंग यंत्रं आणि साउंडबार असेल तर चारही पोर्ट पूर्ण वेगाचे असलेला टीव्हीच घ्या, त्यासाठी पॅनलची एक पायरी खाली उतरावी लागली तरी चालेल. हे माझं ठाम मत आहे.

डॉल्बी व्हिजन, म्हणजे प्रत्येक दृश्याप्रमाणे उजेड जुळवणारं एचडीआर, हवं का तेही आधीच ठरवा. सॅमसंगच्या टीव्हीवर ते मिळत नाही, तिथे त्याच कामाचं एचडीआर१०प्लस असतं; एलजीवर याच्या उलट. ओटीटीवर सिनेमे बघणाऱ्याला डॉल्बी व्हिजनचा उपयोग जास्त होतो. प्लेस्टेशन ५ गेमसाठी साधं एचडीआर१०च देतो, एक्सबॉक्स सिरीज एक्स मात्र डॉल्बी व्हिजनमध्येही गेम चालवतो.

घरी आल्यावर सेटिंगला हात न लावणं

बरेच टीव्ही पेटीतून बाहेर येतात तेव्हा एचडीएमआय पोर्टचा पूर्ण वेग बंद असतो. तो आपण चालू करायचा. एलजीमध्ये त्याला "एचडीएमआय डीप कलर" म्हणतात, सॅमसंगमध्ये "इनपुट सिग्नल प्लस", आणि सोनीमध्ये "एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट"मध्ये जाऊन "एन्हान्स्ड" निवडायचं. मावसभावाकडे मी बदललं ते हेच. त्यानंतर कन्सोलच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये १२० हर्ट्झ नि एचडीआर चालू करा आणि एचडीआर ॲडजस्ट करण्याची पायरी पूर्ण करा. हे केल्यावर पडदा मधेच काळा होत असेल तर टीव्हीला दोष देण्याआधी केबल बदला. कन्सोलसोबत आलेलीच वापरा, लांब हवी असेल तर "अल्ट्रा हाय स्पीड" प्रमाणित घ्या.

बटण दाबल्यावर गेममधला माणूस उशिरा हलतो? गेम मोड बंद आहे. सिनेमा मालिकेसारखा, घरगुती व्हिडिओसारखा गुळगुळीत दिसतो? सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने भरतोय. मोशनचं सेटिंग बंद करा किंवा फिल्ममेकर मोड निवडा. पहिले दोन दिवस हा मोड पिवळट आणि मंद वाटेल, तरी बदलू नका. तिसऱ्या दिवसानंतर जुना निळसर पांढरा रंगच डोळ्यांना टोचतो. फारच अंधारं वाटलं तर ऊर्जा बचत आणि उजेडाचा सेन्सर बंद करून बघा, बहुतेक वेळा दोष तिथे असतो.

ओटीटी धूसर दिसतंय म्हणून एका मित्राने टीव्ही परत करायची तयारी केली होती. नेटफ्लिक्सचं ४के फक्त प्रीमियम प्लॅनमध्ये मिळतं आणि त्याला १५ एमबीपीएसचा वेग लागतो. त्याच्याकडे प्लॅन खालचा होता, शिवाय जुन्या टीव्हीची, फक्त एचडी दाखवणारी ओटीटीची स्टिक तशीच लावून ठेवली होती.

रात्री बोर्डावरचं बटण बंद करणं

ही सवय आपल्या प्रत्येक घरात आहे आणि ती चांगल्या हेतूनेच आहे. झोपण्याआधी घरातलं मोठं माणूस उठतं, गॅस बघतं, कडी लावतं, आणि टीव्हीचं बटण बोर्डावरून खट्कन बंद करतं. एलईडीचं त्यात काही बिघडत नाही, ओएलईडीचं बिघडतं. काही तासांचा वापर झाला की ओएलईडी टीव्ही रिमोटने बंद केल्यानंतर, स्टँडबायमध्ये असताना, स्वतःचे पिक्सेल तपासतो आणि त्यांची झीज सारखी करून घेतो. हे काम काही मिनिटांचं असतं, पण त्याला वीज लागते. रोज बोर्डावरून बंद केलं तर ते कधीच पुरं होत नाही. मावसभावाच्या टीव्हीवर त्याची सूचना येत होती आणि प्रत्येक जण ओके दाबून ती घालवत होता. बंद करायचा तो रिमोटनेच, बोर्ड चालू ठेवून.

अपवाद फक्त विजांचा, आणि तो मी नुकसान सोसून शिकलोय. आमच्या गावी, सांगलीकडे, वळवाच्या पावसात मी टीव्हीचं बटण बंद केलं होतं, पण डिशची वायर तशीच जोडलेली होती. जवळ वीज पडली. टीव्ही चालू झाला, चित्रही आलं, पण बॉक्स ज्या पोर्टाला होता तो पोर्ट कायमचा गेला. विजा सुरू झाल्या की प्लग उपसा, आणि डिशची किंवा केबलची वायर नि इंटरनेटची लॅन वायरही काढा. शहरात स्टॅबिलायझरची गरज फारशी नसते, बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात. तिथे चांगला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा) आणि खरं अर्थिंग हवं. गावाकडे न्यूट्रलची (परतीची) तार तुटून विजेचा दाब एकदम चढतो, तिथे मात्र जास्त दाबाला बंद पडणारा स्टॅबिलायझर लावाच.

घेताना एक हिशोब लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे त्याआधीची किंमत खोडून दाखवलेली "सूट" ही सगळी दुकानदाराची नसते. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, आणि त्याच दिवशी पूर्ण पांढरं, पूर्ण करडं, पूर्ण काळं चित्र लावून पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा. फुटलेलं पॅनल वॉरंटीत येत नाही आणि नवीन बसवायला जवळजवळ टीव्हीचेच पैसे पडतात.

डोंबिवलीहून निघताना मी मावशीला बोर्डाजवळ नेऊन हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पुतण्याच्या वहीचा कागद फाडला आणि निळ्या पेनाने लिहून बटणाच्या वर चिकटवला: "विजा चमकल्या तरच बंद. तेव्हा प्लग पण काढणे."