ब्रिटनमध्ये नवीन आलात? कंपनीचं नाव नको, नंबर विचारा

घर, बँक, शाळा, डॉक्टर यांबद्दल नवीन आलेल्यांना सांगणारे पुष्कळ भेटतील. मी एकाच गोष्टीबद्दल लिहितोय, कारण तिच्यात मी स्वतः पोळलोय आणि दर सप्टेंबरात येणाऱ्या मुलांपैकी कोणी ना कोणी त्याच खड्ड्यात पडताना बघतोय. एकसारख्या नावांच्या कंपन्या वेगळ्या कशा ओळखायच्या, ही ती गोष्ट.

माझ्यावर आलं ते २००९ साली. घर शोधत होतो, एका लेटिंग एजंटकडे, म्हणजे भाड्याची घरं लावून देणाऱ्याकडे, घर पसंत पडलं आणि आगाऊ म्हणून ९७५ पौंड भरले. दुकानावर मोठ्या अक्षरात तीन शब्दांचं नाव होतं. पावतीवरही तेच तीन शब्द होते, म्हणून मी निश्चिंत. त्यांच्या पुढे बारीक अक्षरात ‘मॅनेजमेंट लिमिटेड’ छापलेलं होतं, ते मी वाचलंच नाही. पुढे घर दुसऱ्यालाच गेलं. पैसे मागायला लागलो तर रोज नवा माणूस फोन उचलायचा. दोन महिन्यांनी मी छोट्या दाव्यांच्या कोर्टात ऑनलाइन दावा लावला आणि प्रतिवादी म्हणून बोर्डावरचं नाव घालून पुढे ‘लिमिटेड’ जोडलं.

त्या नावाची कंपनी खरोखरच होती, पण दुसऱ्या शहरात, आणि तिचा या एजंटशी काडीचाही संबंध नव्हता. तिच्या वकिलाचं चार ओळींचं पत्र आलं. दावा गेला, कोर्टाची फी गेली. योग्य कंपनीचा नंबर शोधून काढेपर्यंत तिचं नाव कंपन्यांच्या सरकारी रजिस्टरमधून काढून टाकलेलं होतं. बंद झालेल्या कंपनीवर दावा लावता येत नाही. आधी कोर्टाकडून तिला पुन्हा रजिस्टरवर आणावं लागतं, आणि त्याचा खर्च माझ्या ९७५ पौंडांहून जास्त होता. ते पैसे मी सोडून दिले.

आज माहीत आहे ते तेव्हा माहीत असतं तर पैसे वाचण्याची शक्यता होती. कंपनी बंद करण्याआधी गॅझेटमध्ये नोटीस निघते, आणि त्या मुदतीत ज्याचे पैसे अडकलेत तो कंपनीज हाऊसकडे, म्हणजे कंपन्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी कचेरीकडे, हरकत घेऊ शकतो. हरकत घ्यायला पैसे पडत नाहीत. फक्त कोणाविरुद्ध घ्यायची, ते नक्की माहीत हवं.

म्हणून नंबर. इथल्या प्रत्येक लिमिटेड कंपनीला नोंदणीच्या वेळी आठ खुणांचा नंबर मिळतो. इंग्लंड-वेल्समध्ये ते सगळे आकडेच असतात. स्कॉटलंडच्या नंबराआधी ‘एससी’ आणि उत्तर आयर्लंडच्या आधी ‘एनआय’ ही अक्षरं येतात. कंपनीने नाव दहा वेळा बदललं तरी नंबर तोच राहतो. कंपनीज हाऊसच्या वेबसाइटवर नंबर टाकला की कंपनी कधी सुरू झाली, चालू आहे की बंद, नोंदणीचा पत्ता, संचालक, आधीची नावं, हिशेब वेळेवर भरलेत का, सगळं फुकट दिसतं. मी आधी दोन गोष्टी बघतो: सुरू झाल्याची तारीख आणि आधीची नावं. ‘वीस वर्षांचा अनुभव’ असं सांगणारी कंपनी मागच्या मार्चमध्ये जन्मलेली असली तर तिथेच थांबायचं.

हुबेहूब तेच नाव दुसऱ्या कंपनीला मिळत नाही. पण मागे ‘सर्व्हिसेस’, ‘ग्रुप’ किंवा ‘होल्डिंग्ज’ लावलं की नवं नाव सहसा मंजूर होतं, आणि कायद्याच्या नजरेत ती सर्वस्वी वेगळी कंपनी असते. एकाच दुकानात, एकाच टेबलावर अशा तीन कंपन्या नांदू शकतात. शिवाय बोर्डावरचं नाव नुसतं व्यवहाराचं नाव असू शकतं. एकट्याने धंदा करणाऱ्याची तर कंपनीज हाऊसमध्ये नोंदच नसते. लिमिटेड कंपनीने मात्र पत्रांवर, ईमेलवर आणि वेबसाइटवर पूर्ण नाव, नंबर आणि नोंदणीचा पत्ता द्यायलाच हवा, हा कायदा आहे. विचारल्यावर जो नंबर द्यायला आढेवेढे घेतो, त्याला एक पेनीही देऊ नका. आणि रजिस्टरमध्ये नाव आहे म्हणजे माणूस सचोटीचा, असंही धरून चालू नका. कित्येक वर्षं १२ पौंडांत कंपनी निघत होती आणि दिलेली माहिती कोणी तपासत नव्हतं. संचालकांची ओळख पटवणं सक्तीचं झालं ते नोव्हेंबर २०२५ पासून.

मोठ्या नावांचा गोंधळ निराळा, त्यात सहसा फक्त वेळ जातो. पोस्ट ऑफिस आणि रॉयल मेल २०१२ पासून वेगळ्या कंपन्या आहेत. हरवलेल्या पार्सलची तक्रार काउंटरवरच्या बाईंकडे करून उपयोग नाही. व्हर्जिन मीडिया, व्हर्जिन अटलांटिक आणि व्हर्जिन मनी यांचा लाल रंग सारखा, मालक वेगळे. कोऑपरेटिव्ह बँक आणि कोऑप दुकानं यांचं आता एकमेकांशी नातं नाही. यूके पॉवर नेटवर्क्स लंडन आणि आसपासच्या विजेच्या तारा सांभाळते, तुमचं बिल पाठवत नाही. वीज गेली की १०५ लावा, बिलासाठी पुरवठादाराला गाठा.

बँकांच्या बाबतीत उलटं होतं, वेगळी नावं आणि परवाना एकच. हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड एका परवान्यावर चालतात, तसंच एचएसबीसी आणि फर्स्ट डायरेक्ट. ठेवींना १,२०,००० पौंडांपर्यंत मिळणारं संरक्षण दर परवान्यामागे माणशी एकदाच असतं. दोन्हीकडे पैसे ठेवले म्हणून ते दुप्पट होत नाही.

गुंतवणूक सुचवणारा फोन आला तर जास्तच जपा. भामटे खऱ्या कंपनीचं नाव, पत्ता आणि एफसीएचा (आर्थिक कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा) नोंदणी क्रमांकसुद्धा उचलतात, फोन नंबर तेवढा स्वतःचा देतात. इथे माझा कंपनी-नंबरही तुम्हाला वाचवणार नाही. एफसीएच्या रजिस्टरमध्ये जो फोन दिलाय, त्यावर आपण होऊन फोन करा.

आता नोकरी, कारण इथे चूक झाली तर व्हिसावर येतं. ऑफर लेटर एका कंपनीचं आणि स्पॉन्सरचं लायसन्स, म्हणजे परदेशी माणसाला व्हिसावर नोकरीला ठेवण्याचा परवाना, त्याच ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर, असं सर्रास दिसतं. कधी त्यात गैर काही नसतं, कधी सगळंच गैर असतं. परवानाधारकांची यादी होम ऑफिस, म्हणजे इथलं गृहखातं, प्रसिद्ध करतं, पण तिच्यात नाव आणि गाव असतं, कंपनी-नंबर नसतो. म्हणून तीन गोष्टी लेखी मागा: पगार कोणती कंपनी देणार, व्हिसासाठी लागणारं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप कोणती देणार, आणि दोघींचे नंबर. लेखी हा शब्द महत्त्वाचा. इथली माणसं सभ्य आहेत, विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देतात, पण न विचारलेलं आपण होऊन सांगत नाहीत. शेजारी सांगेल, ऑफिसातला कोणी सावध करेल, ही आपली सवय इथे सोडायला लागते.

आणि आपल्या लोकांबद्दल थोडं कडक बोलतो. मंडळात कोणीतरी म्हणतं, ‘अरे, मीपण त्यांच्याकडूनच घर घेतलं, चांगले आहेत.’ तो प्रामाणिकपणे सांगत असतो. पण त्याने चार वर्षांपूर्वी ज्या कंपनीशी व्यवहार केला ती आज असेलच असं नाही, बोर्ड तोच असला तरी. सल्ला घ्या, आणि त्याच्याकडून जुन्या करारावरचा कंपनी-नंबरही घ्या.

पैसे पाठवताना बँक खात्याचं नाव ताडून बघते. नाव जुळत नाही असा इशारा आला तर ‘पुढे जा’ दाबू नका. एजंट म्हणेल, ‘ते आमचंच दुसरं खातं आहे.’ मलाही हेच सांगितलं असतं.

मागच्या महिन्यात लेस्टरला नवीन आलेल्या एका मुलीचा रात्री फोन आला. घराचा करार आणि पैसे भरायचं पत्रक, दोन्ही समोर होतं. नाव सारखंच आहे काका, सही करू का, असं विचारत होती. तिला दोन्ही कागदांवरचे नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचायला लावले. पहिले पाच आकडे जुळले, सहावा वेगळा निघाला.